गोष्टीला हुंकारा हवा: लोककथा, अद्भुतकथा आणि कविता ऑनलाइन मित्रांत मांडण्याची रीत

गेल्या संक्रांतीला आमच्या लिहिणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी कुंभारकन्येची गोष्ट टाकली. सोलापुरात ती कुणाला सांगावी लागत नाही. सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणारी कुंभाराची पोर, त्यांच्याशीच लग्न करायचा तिचा हट्ट, आणि ‘माझ्या योगदंडाशी लग्न लाव’ हे त्यांचं उत्तर. त्या लग्नाच्या अक्षता आजही संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर पडतात. मी जीव ओतून लिहिली, टाकली, आणि तासाभरात १९ अंगठे आणि सहा ‘अप्रतिम’ आले. रात्री जेवणं झाल्यावर स्वतःच पुन्हा वाचायला घेतली तेव्हा दिसलं की चिकटवताना मधला परिच्छेद दोनदा पडलाय आणि शेवट आलेलाच नाही. अक्षता पडायच्या आतच गोष्ट संपली होती, आणि १९ अंगठ्यांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

माझी आत्या गोष्ट सांगायची तेव्हा असं होणं शक्यच नव्हतं. सुरू करायच्या आधी ती विचारायची, “हुंकारा कोण देणार?” मग एकाने ‘हं’ म्हणत राहायचं. ‘हं’ थांबला की गोष्ट थांबायची आणि अंधारातून आवाज यायचा, “निजलास व्हय रं?” हुंकाऱ्यात शाबासकी नसते, टीकाही नसते. ‘इथपर्यंत आलोय, पुढं चल’ एवढंच त्यात असतं. ऑनलाइन लिहिणाऱ्यांत नेमका तोच हरवलाय. लिहिणारे पैशाला पासरी, हुंकारा देणारा शोधून सापडत नाही. पुढे जी रीत देतोय ती आमच्या गटात चुका करत करत बसलेली आहे. तुमच्या गावाला लागू पडेल तेवढी घ्या.

माणसं थोडी जमवा

व्हॉट्सॲप एका गटात १०२४ माणसं घेतं, म्हणून आपण घ्यावीत असं नाही. आमच्या पहिल्या गटात ४३ जण होते. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कुणीतरी वाचेल. आता आम्ही अकरा आहोत. आठ ते बारा हा आकडा बरा: दोघं गावाला गेले, एक आजारी पडला, तरी सहा-सात जण वाचणारे उरतात.

पाळी लावा. एका आठवड्यात एकाचंच लिखाण. बुधवारी रात्री मजकूर येतो, रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाचा हुंकारा. ज्याची पाळी आहे त्याचं काही तयार नसेल तर पाळी पुढच्याला जाते, भरपाई म्हणून जुनं काहीतरी उकरून टाकायचं नाही. सुप्रभात, वाढदिवस आणि श्रद्धांजली यांच्यासाठी वेगळा गट काढा. हे कठोर वाटतं खरं, पण फुलांच्या चित्रांखाली दबलेली कविता वर ओढून काढणं त्याहून कठीण.

मजकूर एका जागी आणि गप्पा दुसऱ्या जागी ठेवा. गप्पा व्हॉट्सॲपवर ठीक, मजकूर गूगल डॉक्समध्ये. तिथे समासात टिपणी देता येते, सजेशन मोडमध्ये केलेला बदल मूळ ओळीला धक्का न लावता दिसतो, आणि व्हर्जन हिस्टरीमधून मागच्या महिन्यातला खर्डा परत मिळतो. ज्यांना डॉक्स जमत नाही त्यांच्यासाठी मजकूर गटावरही टाका, पण सुधारणा एकाच प्रतीवर करा. आमच्याकडे एकाच कवितेच्या चार प्रती फिरत होत्या आणि कवी स्वतःच तिसऱ्या प्रतीतल्या चुकीवर भांडत बसला होता.

ऐकायला जाताना

लोककथा लिहायची तर आधी ऐकावी लागते, आणि सोलापूर हे ऐकायला जगातल्या उत्तम गावांपैकी एक आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांत भावनाऋषींची कथा सांगतात. त्यांनी कमळाच्या देठाचे धागे काढून देवांसाठी वस्त्र विणलं, म्हणून विणकाम पद्मशालींकडे आलं. मंगळवेढ्याला गेलात तर दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं खुली केल्याची आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला रक्कम भरून आल्याची गोष्ट प्रत्येक जण आपापल्या तपशिलानं सांगेल. सांगोल्याकडे धनगरी ओव्या आणि गजीनृत्य. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तर विचारूच नका. भोगीला ६८ लिंगांना यण्णीमज्जन, संक्रांतीला अक्षता, दुसऱ्या दिवशी होम. सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, निघाल्या की बाराबंदी घातलेला कुठलाही म्हातारा तुम्हाला कट्ट्यावर बसून तासभर सांगेल. यण्णीमज्जन हा शब्दच बघा, कन्नडमध्ये यण्णी म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. सोलापूरचा मराठी माणूस तो सहज बोलतो आणि आपण कन्नड बोललो हे त्याच्या गावीही नसतं.

जाताना वही आधी काढू नका. पहिला चहा गप्पांचा. मग विचारा, “मी हे फोनवर ठेवून घेऊ का?” परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात येऊ द्या, म्हणजे पुढे शंका राहत नाही. परवानग्या खरं तर तीन असतात: रेकॉर्ड करू का, मित्रांना ऐकवू का, नाव लिहू का. तिन्हींना ‘हो’ मिळेलच असं धरून चालू नका. जात्यावरच्या ओव्यांत सासूचं, नणंदेचं, गावाचं नाव सरळ येतं. गाणारी बाई सत्तरीची असली तरी ते घर अजून तिथेच असतं. एका आजीबाईंनी मला दोन ओव्या नंतर पुसायला लावल्या. “सून ऐकंल” म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच पुसल्या. चांगल्या होत्या, अजून हळहळ वाटते.

फोन टेबलावर ठेवलात तर कपाचा प्रत्येक टक्का त्यात येतो. घडी घातलेली चादर खाली ठेवा, ती इथे कुठल्याही घरात मिळते. पंखा बंद करायला सांगा, आणि शेजारी यंत्रमाग असेल तर दुपारी वीज जाईल ती वेळ गाठा. रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये करू नका, तिथे आवाज दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये करा आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मध्येच “म्हणजे काय?” असं विचारू नका. शब्द अडला तर वेळ टिपून ठेवा आणि शेवटी विचारा. हुंकारा मात्र देत राहा. तो रेकॉर्डिंगमध्ये येईल, येऊ द्या.

घरी आल्यावर त्याच रात्री एवढं लिहून ठेवा: सांगणाऱ्याचं नाव (परवानगी असेल तर), अंदाजे वय, गाव, बाई असेल तर माहेरचं गाव, कुठल्या भाषेत सांगितली, कुणाकडून ऐकली होती, आणि कुठल्या प्रसंगी सांगतात. माहेरचं गाव महत्त्वाचं आहे. गोष्टी लग्न होऊन येतात. अक्कलकोटची म्हणून ऐकलेली गोष्ट अनेकदा गुलबर्ग्याची निघते.

याचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्रातच गिरवला गेलाय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ऑनलाइन संग्रहात गाणारीच्या नावा-गावासकट वाचता आणि ऐकता येतात. ओवी सुटी नसते, तिच्यामागे बाई असते, हे त्या नोंदींवरून कळतं.

लिहून काढताना: तीन पाट्या

लोककथा टाकताना ती कुठल्या पाटीवरची आहे हे वरच लिहा. आमच्या गटातली निम्मी भांडणं एवढ्याने मिटली.

पहिली पाटी म्हणजे जशी ऐकली तशी. माझ्या रेकॉर्डिंगमधली कुंभारकन्या अशी बोलते: “मग ती म्हनली, मला तुमच्यासंगंच लगीन करायचंय. तर ते म्हनले, मी कसा करू, माझं तर देवासंगं झालेलं हाय. तर ती काय ऐकना.” अडखळणं, पुनरुक्ती, सगळं ठेवा. ‘तर’ तीन वेळा आलाय तो काढू नका, कारण सांगणारी तिथेच श्वास घेते.

दुसरी पाटी म्हणजे वाचण्याजोगी केलेली. “‘लग्न करीन तर तुमच्याशीच,’ ती म्हणाली. ‘माझं देवाशी झालंय.’ ती ऐकेना.” घटना तीच, क्रम तोच, भाषा तुमची. इथे नवा प्रसंग घालायचा नाही.

तिसऱ्या पाटीवर तुम्ही मोकळे. आमच्यातल्या एका मैत्रिणीने ही गोष्ट योगदंडाच्या तोंडून लिहिली. पहिली ओळ होती, “मी काठी. मला कुणी विचारलं नाही.” त्यावर आठवडाभर गट पेटला होता, आणि असाच पेटावा.

गोंधळ होतो तो तिसऱ्या पाटीवरचं लिखाण पहिल्या पाटीचं म्हणून टाकल्यावर. कुणीतरी स्वतः रचलेली कथा ‘आमच्या आजीची पारंपरिक’ म्हणून पाठवतो, ती चार गटांत फिरते आणि दोन वर्षांनी तीच परंपरा होऊन बसते. देवस्थानाच्या, श्रद्धेच्या गोष्टीत तर हे जपून. लोक त्या नुसत्या ऐकत नाहीत, पाळतात.

बोली ठेवायची की नाही यावर दरवेळी वाद होतो. माझं म्हणणं, संवादात ठेवा, निवेदनात बेताने. “काय करलालास बे?” याचं “काय करतोयस रे?” केलं की सोलापूर उडून जातं. फोनचा कीबोर्ड ‘करलालास’ला चूक समजून भलतंच सुचवतो. तो शब्द एकदा कीबोर्डच्या स्वतःच्या शब्दयादीत घालून टाका, म्हणजे कटकट संपते. कन्नड-तेलुगू शब्दांची अडचण वेगळी आहे. त्या भाषांत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, आपल्या रोजच्या देवनागरीत नाहीत. त्यामुळे नागरीत लिहिलेली तेलुगू ओळ मराठी माणूस वाचतो तेव्हा पद्मशाली अक्का हसतात. यावर उपाय एकच: ओळ लिहा आणि सोबत त्यांच्याच आवाजातली दहा सेकंदं जोडा.

टायपिंगचं थोडं, पण नेटाने

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पाठवू नका. तुमच्या संगणकावर जी ओवी दिसते ती दुसऱ्याच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा नि कंसांचा शिमगा होते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुनं लिखाण असेल तर फॉन्ट परिवर्तकातून काढा, पण त्यानंतर डोळ्यांनी तपासा, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथेच घसरतात.

एक अक्षर खास बघा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. रफार आणि आडवा र यांत चूक झाली की सह्याद्रीतला नायक थेट पाण्यात पडतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J दाबलं की ऱ मिळतो, पुढे हलन्त आणि य. फोनवर र थोडा वेळ दाबून बघा, बहुतेक कीबोर्डांत तो मागे लपलेला असतो.

संवादाची ओळ डॅश आणि मोकळी जागा देऊन सुरू केली की व्हॉट्सॲप तिचा यादीतला ठिपका करतं. अवतरणचिन्हं वापरा. आणि लांब मजकूर तिथे मध्येच दुमडला जातो, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून ‘नमस्कार मित्रांनो, बरेच दिवस मनात होतं’ ही प्रस्तावना वर ठेवू नका. दुमडीच्या आत गोष्ट सुरू झालेली पाहिजे. आपल्या कहाण्यांनी हे केव्हाच ओळखलंय: “आटपाट नगर होतं.” तीन शब्दांत माणूस आत.

चित्रावर मजकूर छापून पाठवायची हौस असते, पानाफुलांची किनार वगैरे. त्यातला शब्द शोधून सापडत नाही, त्यावर टिपणी देता येत नाही, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या मित्राचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. किनार दिवाळीला ठेवा.

अद्भुतकथा

इथे मी जरा कडक बोलणार आहे. सोलापुरात बसून बर्फाच्छादित किल्ल्यावरचा ड्रॅगन लिहिणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण वाचणारा त्या बर्फावर चाललेला नसतो आणि लिहिणाराही. आपल्याकडे साती आसरा आहेत, मुंजा आहे, सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहून जाते, वेशीवर म्हसोबा बसलाय. भुईकोटाच्या खंदकापासून उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपर्यंत जागाही पडल्यात. एवढं भांडवल असताना उसनवारी कशाला?

रीत अशी. एकच नियम मोडा, बाकी सगळं जग जसंच्या तसं ठेवा. आमच्यातल्या एकाने कथा लिहिली, एक विणकर चादर विणतो आणि तिच्यावर उमटलेल्या नक्षीत पुढच्या सात दिवसांत कोण दारात येणार ते दिसतं. एवढंच अद्भुत. बाकी मालक, पगार, उसवलेला ताणा, तुटलेला धोटा, सगळं खरं. कथेत रात्री माग अचानक बंद पडतो आणि ‘सगळे गाढ झोपलेले होते’ असं वाक्य होतं. गटातली एक जण मागाच्या खोलीला लागून असलेल्या घरात वाढलेली. तिने हुंकाऱ्यात एवढंच लिहिलं: “माग चालू असला की आम्ही झोपतो. बंद पडला की जागे होतो.” लेखकाने ते वाक्य उलटं केलं, आणि सगळं घर एकदम उठून बसलं तिथून कथेला खरी भीती आली.

मालिका लिहित असाल तर भाग हजार-बाराशे शब्दांपुढे नेऊ नका, फोनवर तेवढंच पेलतं. पात्रांची नावं, नाती, जादूचा नियम आणि त्याची किंमत यांचं एक पान स्वतःजवळ ठेवा. ते पान गटाला देऊ नका. वाचणाऱ्याला नियम गोष्टीतून कळला नाही तर तो तुम्हाला तिथेच विचारेल, आणि ते विचारणं फुकट मिळालेलं संपादन आहे.

कविता

कवितेची ओळ फोनच्या रुंदीला मोडते आणि मोडते ती भलत्याच ठिकाणी. लांब ओळ यतीच्या, म्हणजे विरामाच्या, जागी स्वतःच तोडून दोन ओळींत लिहा. मोठा अभंग असेल तर सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण वेगवेगळे दिसू द्या. भुजंगप्रयात असेल तर ‘लगागा लगागा लगागा लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) ही बारा अक्षरं एका ओळीत बसतात, तोडायची गरज पडत नाही. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे कानाला तपासायला माप घरातच आहे.

मजकुरासोबत स्वतःच्या आवाजातलं वाचन जोडा. तुम्ही जिथे अडखळता तिथे बहुधा मात्रा अडखळलेली असते. आणि कुणाची ओवी दीडपट वेगाने ऐकू नका. आमच्या गटात याला एकच दंड आहे, पुढच्या बैठकीची शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्याने आणायची.

हुंकारा कसा द्यावा

‘छान’, ‘वा’, ‘काय लिहितेस गं’ हे आमच्याकडे चालत नाही. बंदी घातली तेव्हा दोघं रागावून गेले, एक परत आला. हुंकाऱ्यात आम्ही तीनच गोष्टी मागतो. माझं लक्ष कुठे सुटलं. मला कुठलं चित्र दिसलं. माझ्या मनात कुठला एक प्रश्न आला. दुरुस्ती सुचवायची नाही, लेखकाने मागितली तरच.

एक उदाहरण जवळून दाखवतो. उन्हाळ्यात एका मित्राने हे चार चरण टाकले. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात आहे आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं, एवढं ठाऊक असलं की पुरे:

तळ्याच्या मधोमध देव,
काठाला तहान;
टँकरच्या हॉर्नला
जागं होतं रान.

पहिल्या दोन ओळींवर सगळ्यांनी सारखंच लिहिलं, चित्र दिसलं. मग एका काकूंचा प्रश्न आला: “रान कुठून आलं? टँकर आमच्या बोळात येतो.” बस, एवढंच. ‘रान’ यमकासाठी ओढून आणलंय असं त्या म्हणाल्या नाहीत, तसं म्हटलं असतं तर कवी बचावाला उभा राहिला असता. त्यांनी फक्त आपण कुठे उभ्या आहोत ते सांगितलं. दोन दिवसांनी तो परत आला:

टँकरच्या हॉर्नला
बोळ टवकारतो कान.

यमक राहिलं, रान गेलं, आणि बोळाला चार पाय फुटले.

लोककथेला हुंकारा देण्याची पद्धत निराळी. तिथे सर्वांत उत्तम उत्तर म्हणजे “आमच्याकडे अशी सांगतात”. कुंभारकन्येच्या गोष्टीवर कुणी होमापर्यंत जातं, कुणी लग्नापाशीच थांबतं. दोन्ही खाली लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या गावासकट. “तुमची आवृत्ती चुकीची आहे” हे वाक्य लोककथेला लागूच होत नाही. तसंच “ही तर तिकडून चोरलेली” हेही. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक जाणारी आपली म्हातारी इराणातही आहे, तीसुद्धा लेकीकडून जाडजूड होऊन भोपळ्यातच परतते. अशा फिरत्या गोष्टींची वर्गवारी फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० मध्ये केली, स्टिथ थॉम्पसन यांनी ती १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली, हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. कुणी चोरीचा आरोप केलाच तर हे सांगा आणि चहा मागवा.

नाव कुणाचं, हक्क कुणाचा

लोककथा कुणा एकाची नाही, पण तुम्ही ज्या शब्दांत लिहिलीत ते शब्द तुमचे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचं लिखाण २०२५ संपल्यावर मोकळं झालं. सोलापूरचे शाहीर राम जोशी केव्हाच मोकळे आहेत, पण त्यांच्या लावण्यांना अलीकडच्या संपादकाने लिहिलेल्या टिपा मोकळ्या असतीलच असं नाही. पुस्तकातली लोककथा टाइप करून टाकताना हाच फरक नडतो: गोष्ट सर्वांची, पुस्तकातली वाक्यं लिहिणाऱ्याची. आणि गाणाऱ्याचा, सांगणाऱ्याचा स्वतःचा हक्क वेगळा असतो. कायदा त्याला कलावंताचा हक्क म्हणतो आणि तो ५० वर्षांचा आहे. आजीबाईंचा आवाज तुमच्या फोनमध्ये आहे म्हणून तो तुमचा झाला नाही.

नाव कापून पुढे ढकलणं मात्र कायद्याने थांबत नाही. माझी एक कथा चुलतभावाच्या कुटुंबाच्या गटावरून मलाच ‘लेखक अज्ञात, पण प्रत्येकाने वाचावी’ अशी आली. यावर जुन्या लोकांचा उपाय जास्त पक्का आहे: नाव मजकुराच्या आत विणा. ‘तुका म्हणे’ कापलं तर चरण लंगडा होतो. सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा येते, ते नाव देवाचं, पण वचन कुणाचं हे त्यावरून ओळखू येतं. आमच्यातले दोघं आता कथेतल्या एखाद्या दुकानाला किंवा म्हशीला आपलं नाव देतात. हसू नका, म्हशीचं नाव कुणी कापत नाही.

दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर आधी ठरवा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकांना नवं लिखाण हवं असतं. अकरा जणांच्या बंद गटात वाचून घेतलेलं बहुतेकांना चालतं, सगळ्यांना दिसेल असं टाकलेलं अनेकांना चालत नाही. शंका असेल तर पाठवतानाच सरळ लिहा. आणि यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर गटात टाकायचा तर तेही वर लिहा. आम्ही हुंकारा माणसाला देतो.

साठवण

व्हॉट्सॲपला कपाट समजू नका. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा सात गोष्टी गेल्या, त्यातल्या दोन सांगणाऱ्या आता नाहीत. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: फोनमध्ये, संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर, आणि गूगल ड्राइव्हवर. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग विषय: ‘२०२३-०१-१५ मंगळवेढा दामाजी कोठार’. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ नावाच्या फाइलमध्ये काय आहे हे शोधायला मी एकदा अख्खा रविवार घातला. खुल्या संग्रहात, म्हणजे विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी चढवायचं तर तिथला परवाना कुणालाही वापर करू देतो, पैसे कमावण्यासाठीसुद्धा. त्यासाठी सांगणाऱ्याची परवानगी नव्याने घ्या. चहाच्या वेळी मिळालेलं ‘हो’ एवढ्यासाठी नव्हतं.

आणि कापाकापी करताना शेवट छाटू नका. आत्याच्या एका फाइलमध्ये शेवटची चाळीस सेकंदं नुसता पंख्याचा आवाज आहे. मी ती काढून टाकायला निघालो होतो. तेव्हा मी फोनवर रेकॉर्डिंग नीट चाललंय ना हे बघण्यात गुंतलो होतो आणि ‘हं’ म्हणायचं विसरलो होतो. पंखा गरगरतो, बांगडी वाजते, मग आत्या विचारते, “निजलास व्हय रं?”